'आधीपासूनचा आजार' म्हणजे कधीपासूनचा?

भिलाईच्या सुपेला बाजारात शिलाई यंत्रांची विक्री व दुरुस्ती करणारे एक दुकानदार आमच्या शाखेचे जुने खातेदार आहेत. मूळचे गोंदियाकडचे. वडील पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात एका ठेकेदाराकडे कामाला म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. गेल्या वर्षी जुलैत ते आरोग्यविम्याचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी बसले. स्वतः, पत्नी, मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी अशा चौघांसाठी एकत्रित पॉलिसी त्यांना हवी होती. अर्जातल्या 'सध्या असलेला अथवा पूर्वी झालेला आजार' या रकान्यात त्यांनी मुलीच्या नावापुढे सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'सिकलसेल'. लिहिण्यापूर्वी त्यांनी मला विचारले होते, "लिहू ना?" मी म्हटले, "लिहायलाच हवे."

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. तिघांचा प्रस्ताव मान्य, मुलीचा अमान्य. कारण एका ओळीत होते, कंपनीच्या जोखीम स्वीकारण्याच्या धोरणात हा प्रस्ताव बसत नाही. पत्र वाचून ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "मॅडम, हा आजार तर तिच्या जन्मासोबतच आला. पॉलिसीच्या आधीचा नाही, तर मग कधीचा राहील?"

या प्रश्नाला माझ्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. घरी आल्यावर मी सहज माझ्या स्वतःच्या विमा पॉलिसीची कागदपत्रे काढून पाहिली आणि तो प्रश्न अधिकच टोचू लागला. त्या कागदांत काय आढळले ते पुढे सांगेनच. परंतु आधी हे 'आधीपासूनचे आजार' म्हणजे नेमके काय, ते पाहू.

आरोग्यविम्याच्या परिभाषेत पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ठरावीक काळात ज्या आजाराचे निदान झाले असेल अथवा ज्यावर उपचार घेतले असतील, तो पूर्वीपासूनचा आजार. अशा आजारावरील खर्च पॉलिसीच्या पहिल्या काही वर्षांत मिळत नाही. या काळाला प्रतीक्षाकाल म्हणतात. या तरतुदीमागे एक रास्त भीती आहे. उद्या शस्त्रक्रिया ठरलेली आहे म्हणून आज विमा काढला, असे सर्वांनीच केले तर विमा चालणार नाही. जळत्या घराचा अग्निविमा कोणी उतरवत नाही. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचे विकार, अपस्मार किंवा सिकलसेल यांना जळत्या घराची उपमा लागू पडत नाही. ही माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करतात, कर भरतात, कर्जाचे हप्ते फेडतात. आमच्या शाखेतल्या खातेदारांतही अशी माणसे थोडी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. इतक्या मोठ्या समूहाला अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

छत्तीसगडचा आपला आजार

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या दोषामुळे त्या गोल न राहता विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला हाडे फोडणाऱ्या वेदनांचे झटके येतात. आईवडील दोघेही केवळ वाहक असले, तर त्यांना स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. विदर्भाचा पूर्व भाग आणि छत्तीसगडचे मैदान या बाबतीत एकच प्रदेश आहे. गोंदिया, गडचिरोली, राजनांदगाव, दुर्ग अशी नावे राज्याच्या सीमेने वेगळी झाली, रक्ताने नाहीत. रायपूरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण त्र्यंबक दाबके यांनी या आजारावर दीर्घकाळ काम केले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

तपासणीचे हे काम मोठे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु विम्याच्या दृष्टीने त्याचा एक विचित्र परिणाम होतो. ज्याची तपासणी झाली, ज्याच्या हाती अहवाल पडला, तो त्या दिवसापासून 'आधीपासूनचा रुग्ण' ठरतो. शासन एका हाताने निदान वाढवत असेल, तर त्या निदानामुळे विम्याचे दार बंद होऊ नये याची व्यवस्था दुसऱ्या हाताने व्हायला हवी.

सिकलसेलचा खर्च कसा होतो, हेही पाहण्यासारखे आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी बहुतेक रुग्णांना रोज घ्यावी लागते. सोबत फॉलिक ॲसिड, वेळोवेळी रक्ततपासण्या, लसी. या गोळीने वेदनांचे झटके व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी होतात. म्हणजे खर्च आहे तो रोजचा, थोडाथोडा आणि घरच्या घरी. नेहमीची आरोग्यविमा पॉलिसी मात्र पैसे देते ती रुग्ण किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल झाला तर. डायलिसिस, केमोथेरपी यांसारख्या उपचारांना त्यातून सूट मिळाली आहे. परंतु मधुमेह्याचे इन्सुलिन, दमेकऱ्याचा पंप, आमच्या खातेदाराच्या मुलीची गोळी यांना सामान्य पॉलिसीत जागा नाही. रुग्ण बरा राहावा म्हणून जो खर्च होतो तो खिशातून आणि तो कोसळला तर जो खर्च होतो तो विम्यातून, असा हा उफराटा हिशेब आहे. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला तो कधी पटलेला नाही. यंत्राच्या देखभालीला पैसे नाहीत, पण ते मोडले तर नवे यंत्र मिळेल, असे धोरण भिलाईच्या एकाही कारखानदाराने चालवले नसते.

सुधारणा झाल्या आहेत, पण कुठे?

गेल्या काही वर्षांत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी मेडिक्लेम पॉलिसी आली १९८६ साली, सरकारी विमा कंपन्यांमार्फत. त्या काळी एकदोन मोठे दावे केले की पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारले जाण्याची भीती असे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली एका खटल्यात असे मनमानी नूतनीकरण नाकारणे अयोग्य ठरवले. ऑक्टोबर २०११ पासून मिळवलेले लाभ न गमावता एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय झाली. २०१३ च्या नियमांनी आजन्म नूतनीकरणाचा हक्क दिला आणि एकट्यादुकट्याच्या दाव्यांवरून त्याचा हप्ता वाढवण्यास मज्जाव केला.

आनुवंशिक आजारांच्या बाबतीतली लढाई न्यायालयात झाली. हृदयाच्या स्नायूंचा जन्मजात विकार असलेल्या एका विमाधारकाचा दावा 'आनुवंशिक आजार वगळलेले आहेत' या कलमाखाली नाकारला गेला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१८ रोजी असे सरसकट वगळणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आनुवंशिक व शरीरांतर्गत जन्मजात आजार सरसकट वगळण्यास मनाई केली. मात्र त्याच सूचनांत काही गंभीर आजारांची एक यादी देण्यात आली. अर्जदाराला तो आजार आधीच असेल, तर त्याची संमती घेऊन तेवढा आजार कायमचा वगळून पॉलिसी देता येईल, अशी ती तरतूद. अपस्मार, पार्किन्सन, मूत्रपिंडाचा व यकृताचा दीर्घ विकार असे सोळा आजार त्या यादीत होते. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरे, असा त्यामागचा विचार असावा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मूत्रपिंड सोडून बाकी शरीराचा विमा मिळतो, यात समाधान किती मानायचे हे वाचकांनीच ठरवावे.

१ एप्रिल २०२४ पासून प्रतीक्षाकालाची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आली. पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अन्य कारणाने, म्हणजे अमुक माहिती दडवली होती असे सांगून, दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत ९६ महिन्यांची होती. विमा घेण्यासाठी ६५ वर्षांची जी अट रूढ झाली होती तीही गेली. जानेवारी २०२५ मध्ये, ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा झाल्यास आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश निघाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. समूह विमा मात्र त्या सवलतीत नाही.

या साऱ्या सुधारणा मोलाच्या आहेत आणि त्या सगळ्या घराच्या आतल्या आहेत. आत शिरलेल्या माणसाला आता सहसा बाहेर काढता येत नाही. परंतु उंबरठ्यावर कोणाला आत घ्यायचे, हा अधिकार अजून कंपनीचाच आहे. नकार द्यायचा तर तो लेखी व सकारण द्यावा, एवढेच बंधन तिच्यावर आहे. आमच्या खातेदाराला ते लेखी कारण मिळालेच होते.

काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

आता माझ्या पॉलिसीविषयी. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत मे २०१५ च्या वेतनकरारानंतर कर्मचाऱ्यांसाठी समूह आरोग्यविमा सुरू झाला. अधिकाऱ्यांना चार लाख व लिपिकवर्गीय कर्मचाऱ्यांना तीन लाखांचे संरक्षण ठरले. प्रतीक्षाकाल नाही, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट. आणि रुग्णालयात दाखल न होता घरी राहून घेतलेल्या उपचारांसाठीही एक लांबलचक यादी आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, अपस्मार, थॅलसेमिया. यादी वाचत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. तिथे सिकलसेलही होता.

म्हणजे ती मुलगी माझी असती, तर तिच्या रोजच्या गोळीचा खर्च विम्यातून मिळाला असता. टेबल एकच. अलीकडच्या खुर्चीत बसणाऱ्याला जे हक्काने मिळते, ते पलीकडच्या खुर्चीत बसणाऱ्याला पैसे मोजूनही मिळत नाही. आजार तोच, गोळी तीच, विम्याचे शास्त्रही तेच. फरक फक्त एवढा की मी एका समूहाची सदस्य आहे आणि ते एकटे आहेत.

भिलाईत तर हा फरक गल्लीगल्लीत दिसतो. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याने १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटवली. कारखान्यासोबत नियोजित नगर वसले आणि सेक्टर ९ मध्ये जवाहरलाल नेहरू रुग्णालय झाले. कारखान्याचा कामगार तिथे रांगेत उभा राहतो तेव्हा त्याला 'हा आजार केव्हापासून' असे विचारतात ते उपचारासाठी, नाकारण्यासाठी नव्हे. निवृत्तीनंतरही त्याला व त्याच्या पत्नीला हे रुग्णालय सुटत नाही. शिवाय बाहेरच्या उपचारांसाठी 'सेल'ची समूह मेडिक्लेम योजना आहे. निवृत्तिवेतनधारक काकामंडळी आमच्याकडे हयातीचा दाखला द्यायला येतात तेव्हा त्यांच्या गप्पांत साखर, रक्तदाब, स्टेंट हे विषय असतात. विमा मिळेल की नाही हा विषय सहसा नसतो. त्याच काकांचा मुलगा खाजगी वर्कशॉप चालवत असेल, तर त्याच्या तोंडी मात्र हाच विषय असतो.

ठेकेदाराकडील कामगारांचे काय? ज्यांना राज्य कामगार विमा योजना लागू आहे त्यांची स्थिती, माझ्या मते, कागदोपत्री तरी अनेक महागड्या पॉलिसींहून चांगली आहे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत प्रथम सुरू झालेल्या या योजनेत आधीच्या आजाराचा प्रश्नच विचारला जात नाही. बाह्यरुग्ण उपचार व औषधे त्यात येतात. चौतीस दीर्घकालीन आजारांसाठी रजेच्या काळात वेतनाच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत लाभ देण्याची तरतूद आहे. जुलै २०१९ पासून यासाठी मालक व कामगार मिळून वेतनाच्या चार टक्के वर्गणी भरतात. अडचण वेतनमर्यादेची. जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपये ठेवण्यात आली. त्यापुढे पगार गेला की वर्गणीची चालू मुदत संपताच योजनेतून बाहेर. मधुमेही फोरमनला मिळालेली बढती त्याला विम्याबाहेर नेऊन सोडते, आणि मग तो आमच्यासारख्यांकडे येऊन अर्जातल्या त्या रकान्यापाशी अडतो.

गरीब कुटुंबांसाठी सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून मान्य. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिक, उत्पन्न कितीही असो, तिच्यात आले. छत्तीसगडने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य सहाय्य योजनेत अन्य शिधापत्रिकाधारकांसाठीही पन्नास हजारांची तरतूद ठेवली होती. मात्र या योजनाही प्रामुख्याने रुग्णालयातील खाटेभोवतीच फिरतात. राहता राहिला तो मधला माणूस. गरिबांच्या यादीत नाही, नोकरदारांच्या समूहात नाही. दुकानदार, रिक्षामालक, शिकवणी घेणारी ताई, छोटा ठेकेदार. बँकेला खातेदार म्हणून हाच वर्ग सर्वांत प्रिय असतो, हे जाता जाता नमूद करते.

थोडा हिशेब

विमा कंपन्या समूहाला जे देतात ते एकट्याला का देत नाहीत? त्यात दुष्टावा नाही, गणित आहे. समजा हजार कुटुंबे आहेत. त्यांपैकी ९५० कुटुंबांचा वार्षिक वैद्यकीय खर्च सरासरी ४,००० रुपये, आणि दीर्घ आजार असलेल्या ५० कुटुंबांचा ६०,००० रुपये. एकूण खर्च झाला ६८ लाख, म्हणजे व्यवस्थापनाचा खर्च सोडून दर कुटुंबाला ६,८०० रुपये. हे परवडण्यासारखे आहे. आता ज्यांना ६,८०० रुपये जड वाटले अशी ३०० निरोगी कुटुंबे बाहेर पडली, तर उरलेल्या ७०० कुटुंबांवर ५६ लाखांचा भार येतो आणि वाटा होतो ८,००० रुपये. मग आणखी काही निरोगी कुटुंबे बाहेर पडतात, वाटा आणखी वाढतो. अखेर उरतात ती ५० कुटुंबे आणि ६०,००० रुपयांचा हप्ता. याला अर्थशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात. कंपनीला याचीच भीती असते. नोकरीच्या समूहात ही भीती नसते, कारण तिथे माणसे विमा मिळावा म्हणून येत नाहीत, नोकरीसाठी येतात. निरोगी व आजारी आपोआप मिसळलेले असतात.

हे मिसळणे तुटले की काय होते, याचा अनुभव आमच्याच निवृत्त सहकाऱ्यांनी घेतला. २०१५ साली सेवेतील कर्मचाऱ्यांची एक पॉलिसी झाली आणि निवृत्तांची वेगळी. निवृत्तांना हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा होता. ज्येष्ठांचा समूह वेगळा काढल्यावर त्यात आजारी माणसांचे प्रमाण अधिक असणारच. पुढील वर्षांत हप्ते इतके चढले की अनेकांनी घरच्या उपचारांचा भाग वगळलेला स्वस्त पर्याय घेतला. म्हणजे ज्या वयात रोजच्या औषधांची सर्वाधिक गरज, त्याच वयात तो भाग सोडावा लागला. चाळीस वर्षे खात्यांचे ताळमेळ घालणाऱ्या माणसांनी नूतनीकरणाचे पत्र हाती धरून आमच्यासारख्या कनिष्ठांना 'काय करू?' असे विचारावे, हे पाहवत नाही.

इतरत्र या कोड्याची उत्तरे वेगवेगळ्या पद्धतीने शोधली गेली. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०१४ पासून आधीच्या आजारामुळे विमा नाकारण्यास बंदी आली. निरोगी माणसांनीही विमा घ्यावा यासाठी सक्ती व अनुदान यांची जोड दिली गेली. मला अधिक शिकण्यासारखा वाटतो तो नेदरलँड्सचा मार्ग. तिथे २००६ पासून विमा खाजगी कंपन्यांकडूनच घ्यावा लागतो, परंतु मूलभूत पॉलिसीसाठी कोणालाही नाकारता येत नाही आणि एकाच पॉलिसीसाठी निरोगी व रुग्ण यांना वेगवेगळा हप्ताही लावता येत नाही. मग ज्या कंपनीकडे रुग्ण अधिक गेले तिने काय करायचे? त्यासाठी एक सामाईक निधी आहे. एखादा विमाधारक वर्षभर मधुमेहाची वा अन्य दीर्घ आजाराची औषधे घेत असेल, तर त्या औषधांवरूनच त्याचा आजार ओळखून कंपनीला निधीतून जादा रक्कम मिळते. अशा व्यवस्थेत आजारी माणूस कंपनीला ओझे वाटत नाही.

आपल्याकडे असे काही उद्याच होईल, असे नाही. आपला विमाधारकांचा पायाच अरुंद आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आरोग्य खर्चाचे कोणतेही संरक्षण असलेले लोक ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के व शहरी भागात १९ टक्के आढळले होते. त्यानंतर आयुष्मान भारतमुळे चित्र बदलले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात.

माझ्या अल्पमतीने पहिली सुधारणा समूहांचीच व्हावी. बँकेचे खातेदार, बाजारातील व्यापारी संघ, सहकारी संस्था यांचे मोठे समूह करून, त्यांत आजारी सदस्याला नाकारता येणार नाही अशा अटीवर विमा द्यावा. सर्व कंपन्यांच्या हप्त्यांतून एक लहान हिस्सा सामाईक निधीत जावा आणि दीर्घ आजाराच्या सदस्यांचा जादा भार त्यातून उचलला जावा. घरच्या उपचारांचा समावेशही अशक्य नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही योजना आहे. तिच्यात एक लाखापर्यंतच्या संरक्षणात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही येतो आणि आधीच्या स्थितीची अडचण केली जात नाही. चार प्रकारच्या अक्षमतांसाठी जे जमते ते सिकलसेल व थॅलसेमियासाठी का जमू नये, हे मला समजलेले नाही. हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखेही होते. आमची बँक विमा कंपन्यांच्या पॉलिसी विकते, त्यावर मोबदला मिळवते. तेव्हा विकणाऱ्यांनीच हा प्रश्न आधी विचारायला हवा.

ग्राहकांसाठी थोडे

नियम बदलेपर्यंत हाती काय आहे? एक गोष्ट मी प्रत्येक खातेदाराला सांगते. आजार दडवू नका. 'लिहू नका, कोण पाहते' असा सल्ला देणारे एजंट असतात, आणि त्यांना दाव्याच्या वेळी आपल्यासोबत यावे लागत नाही. मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न सांगता घेतलेल्या मेडिक्लेमच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला. उलट, अर्जात मधुमेह नमूद करून प्रवासविमा घेतलेल्या एका गृहस्थांना अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आला, कंपनीने आधीच्या आजाराचे कारण सांगून पैसे नाकारले, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीला चूक ठरवले. सांगितलेल्या आजाराची माहिती घेऊन पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे निमित्त पुढे करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकालांतला फरक अर्जातल्या त्या एका रकान्याचा आहे.

नोकरी सोडताना समूह विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विचारून घ्यावी. ही मुदत चुकवणारे बरेच जण भेटतात. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही.

शिलाई यंत्रवाल्या आमच्या खातेदारांसाठी एक वाट शिल्लक होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेलचा समावेश आहे. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने प्रत्येक सर्वसाधारण व आरोग्यविमा कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी उपलब्ध करून देण्यास सांगितले. बाजारात तिची जाहिरात मी अद्याप पाहिलेली नाही, आणि मुलीच्या वडिलांनाही तिच्याविषयी कोणी सांगितलेले नव्हते. तिच्यासाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे. त्याकरिता त्यांनी दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात अर्ज केला आहे.

तोवर त्यांनी आमच्याकडे एक आवर्ती ठेव खाते उघडले, दरमहा दीड हजारांचे. पासबुकाच्या वेष्टनावर त्यांनी बॉलपेनने मुलीचे नाव लिहून घेतले आहे. प्रमाणपत्र आले की नव्या अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी मी त्यांना एका चिठ्ठीवर लिहून दिली: रक्ततपासणीचा मूळ अहवाल, गेल्या तीन वर्षांतील डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयातून सोडल्याचे कागद, शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणि विमा कंपनीच्या त्या नकारपत्राची प्रत. शेवटची नोंद वाचून त्यांनी विचारले, "हे पण लावायचे?" मी म्हटले, "हो, सर्वांत वर."